पोच घेतली का?

(साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



मी जन्मभर लहान मुलांना शिकवले. १९७५ साली मी जुनी अकरावीची मॅट्रिक झालो. मग मास्तरकीचे शिक्षण घेतले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. शेवटी मुख्याध्यापक होऊन घरी बसलो. पण तुमच्यासारख्या मोठ्या माणसांपुढे उभे राहायचे म्हटले की मला थोडी भीती वाटते. लहान मुलाला फळ्यावर कमळ काढून दाखवले की ते खूष होते. तुम्हाला कमळ दाखवून काय होणार? तुम्हाला पोटाच्या उपयोगाचे अक्षर पाहिजे.

म्हणून आज मी फळ्यावर एकच शब्द लिहितो. शि-धा-प-त्रि-का. सर्वांनी वाचा. शिधापत्रिका!

यालाच आपण रेशनकार्ड म्हणतो. आज येताना प्रत्येकाने आपले कार्ड आणावे असे मी सांगितले होते. कोणी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणले आहे, कोणी फडक्यात बांधून. एका आजींनी तर देवाच्या पाटाखालून काढून आणले आहे. म्हणजे कार्डाची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. पण त्यावर लिहिले काय आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा बरे. पाहा, चारच हात वर आले!

शब्दाचा अर्थ

पत्रिका म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. लग्नपत्रिका येतेच की घरी. आणि शिधा? शिधा म्हणजे कोरडे धान्य. आपण सणावाराला शिधा देतो, वारीला निघालेल्या माणसाला शिधा देतो. तो शिधा आपण धर्म म्हणून देतो. द्यावासा वाटला तर द्यावा, नाही वाटला तर देऊ नये.

कार्डावरचा शिधा तसा नाही. तो कोणाचा धर्म नाही, कोणाचे उपकारही नाहीत.

१९४३ साली बंगालात मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नावाचून मेली. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. त्याच साली मुंबई शहरात मोजून-मापून धान्य देण्याची पद्धत सुरू झाली. पुढे ती खेड्यापाड्यांत पोचली. पुष्कळ वर्षे ही सरकारची योजना होती. मग २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. आता फरक ध्यानात घ्या. योजना असते तोवर मिळते. कायद्याने दिलेले मागून घेता येते. म्हणून कार्ड पुढे करताना मान खाली घालू नका.

पण मागणाऱ्याला दोन गोष्टी लागतात. एक अक्षर आणि दुसरे तोंड. वाचता आले पाहिजे आणि विचारता आले पाहिजे. यातली एक असून दुसरी नसेल तर काय होते, त्याच्या दोन गोष्टी सांगतो. दोन्ही माझ्याच आहेत.

बहात्तर सालची गोष्ट

आपल्या माणदेशात बहात्तरचा दुष्काळ अजून कोणी विसरलेले नाही. विहिरी आटल्या होत्या, जनावरे कवडीमोलाने गेली होती. माझे आईवडील सरकारी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे. तिला सगळे मिलो म्हणत. मिलोची भाकरी तव्यावर टाकता टाकता चिरायची. पण तीही पोटभर मिळाली तर सण वाटायचा.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, आठवीत होतो. माझ्या वडिलांना अक्षर येत नव्हते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. एकदा आबा मला बरोबर घेऊन दुकानात गेले. दीड-दोन तास रांगेत उभे राहिलो. दुकानदाराने धान्य मापले, पैसे घेतले, कार्डात लिहिले आणि कार्ड परत दिले. मी सहज पाहिले. पिशवीत एका हप्त्याचे धान्य होते, कार्डात दोन हप्त्यांची नोंद होती.

मी काही बोललो नाही. दुकानदार मोठा माणूस. मी अनवाणी पोरगा. मागे एवढी रांग उभी. मी कार्ड खिशात घातले आणि आबांच्या मागून चालू लागलो.

ओढा ओलांडल्यावर माझ्याने राहवेना. मी आबांना सांगितले. आबा थांबले. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"मग तितंच का न्हाई बोललास?"

"भ्या वाटलं."

"वाचाय येतंय आन् बोलाय येत न्हाई. मग त्या वाचण्याचा काय उपेग?"

आबा तसेच माघारी वळले. मी मागून. रांग मोडून ते पुढे गेले आणि म्हणाले, "माझ्या पोरानं वाचलंय. दोन हप्तं लिवल्यात, एकच दिलाय."

सगळी रांग गप्प झाली. दुकानदाराने कार्ड पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "चुकून झालं," म्हणाला आणि दुसऱ्या हप्त्याचे धान्य मापून दिले. आबांनी त्याचे पैसे मोजले. खरेच चुकून झाले की मुद्दाम, ते मला आजही माहीत नाही. आबांनी विचारले नाही. आपले धान्य घेतले आणि घरी आलो.

त्या दिवशी अक्षर माझ्यापाशी होते आणि तोंड आबांपाशी. दोघे मिळून एक शहाणा माणूस झाला!

माझी चूक

आता दुसरी गोष्ट. ही सांगताना मला कमीपणा वाटतो, पण सांगतो. मास्तराने आपली चूक फळ्यावर लिहिली तर मुलांचे शिक्षण लवकर होते.

२०१४ सालची गोष्ट. मी एका वस्तीवरच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. तिथे एक म्हातारी राहायची. सगळी वस्ती तिला काकी म्हणायची. काकीला नवरा नव्हता. मुलगा कामाला म्हणून शहरात गेला आणि कार्ड बरोबर घेऊन गेला. दोन नाती मात्र काकीपाशी राहिल्या. थोरली चौथीत, धाकटी पहिलीत. दोघी माझ्याच शाळेत. कार्ड मुलाकडे, त्यामुळे काकीला धान्य मिळेना.

जून महिन्यात काकी शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, माजं येगळं कारड काडून द्या की."

मी म्हटले, "त्यात काय आहे काकी? आजच अर्ज लिहितो."

माझे अक्षर चांगले. मी सुंदर अर्ज लिहिला. कागद जोडले. काकीचा अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी तालुक्याला काम होते, तेव्हा कचेरीच्या खिडकीत अर्ज दिला. खिडकीतल्या माणसाने तो इतर कागदांवर ठेवला आणि म्हणाला, "बघतो." मी नमस्कार केला आणि परत आलो.

झाले. काकी दर सोमवारी विचारायची, "गुरुजी, कारड कवा येनार वो?" मी म्हणायचो, "काकी, सरकारी काम आणि सहा महिने थांब." आणि हसायचो. काकीही हसायची.

सप्टेंबर उजाडला. शाळेत दुपारी मुलांना खिचडी मिळते. एके दिवशी मी पाहिले, चौथीतली नात खिचडी खात नाही, गुपचूप डब्यात भरते आहे. खिचडी शाळेतच खायची असा नियम. मी रागावलो. "इथंच खायचं. घरी न्यायची नाही." पोरीने डबा ताटात पालथा केला आणि खाली मान घालून बसली. एक घासही खाल्ला नाही.

तेव्हा पहिलीतली धाकटी हळूच म्हणाली, "गुर्जी, ती आजीला न्यायची असती."

मित्रहो, मला बसायला जागा सुचेना. ज्या पोरीला मी चोरासारखे बोललो, ती आपल्या ताटातले म्हातारीला पोचवत होती. आणि म्हातारी दर सोमवारी माझ्या विनोदाला हसत होती.

ऑक्टोबर लागताच मी कचेरीत गेलो. कारकुनाने आवक नोंदवही काढली. आवक म्हणजे आत आलेल्या कागदांची वही. जूनची पाने पाहिली, जुलैची पाहिली. काकीचे नाव कुठेच नव्हते.

"अर्जाची पोच आहे का?" त्याने विचारले.

पोच मी घेतलीच नव्हती. अर्ज दिला याला पुरावा काय? माझी जीभ. ती कुठल्या वहीत लागणार?

तो कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही रोज मुलांची हजेरी घेता. मग अर्जाची हजेरी लावायला नको का?"

मी पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी दोन प्रती केल्या. एक त्याला दिली. दुसरीवर गोल शिक्का, तारीख आणि सही घेतली. तेव्हा कळले की आधी मुलाच्या कार्डावरून तिघींची नावे कमी झाल्याचा दाखला लागतो. तो आणण्यात तीन महिने गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये काकीचे कार्ड हातात पडले. मी पेढे आणले. काकी कार्ड घेऊन दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "कार्ड नवं हाय, पण तुमचं नाव धान्याच्या यादीत न्हाई."

पुन्हा अर्ज, पुन्हा पोच, पुन्हा खेपा. ऑगस्टमध्ये, नागपंचमीच्या आधी, काकीच्या घरी पहिले धान्य आले.

आता हिशेब करू. तिघींचे महिन्याला पंधरा किलो. जून ते ऑगस्ट, चौदा महिने. चौदा गुणिले पंधरा, दोनशे दहा किलो. दोन क्विंटल आणि वर दहा किलो. यादीत नाव नव्हते तेव्हाचे धान्य मागाहून मिळत नाही. त्यातले पहिले चार महिने तर निव्वळ माझ्या गैरहिशेबाने गेले. चार गुणिले पंधरा, साठ किलो. एका म्हातारीच्या आणि दोन पोरींच्या तोंडचे साठ किलो धान्य एका शिकलेल्या माणसाने घालवले. मला अक्षर येत होते, पण "मला पोच द्या" एवढे तीन शब्द मागायला संकोच वाटला. साहेब काय म्हणतील? मास्तराचा विश्वास नाही म्हणतील का? आबांनी बहात्तर साली जे सांगितले, ते मी बेचाळीस वर्षांनीही शिकलो नव्हतो.

आता कार्ड वाचू या

आपापली कार्डे उघडा. पहिल्यांदा रंग पाहा. आपल्या राज्यात १९९९ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची कार्डे आहेत. पिवळे सर्वांत गरीब कुटुंबांचे. केशरी मधल्यांचे. पांढरे बऱ्या स्थितीतल्यांचे. माझे कार्ड पांढरे आहे, कारण मला पेन्शन मिळते. आता संगणकावरून काढलेले कार्डही मिळू लागले आहे.

पण नुसत्या रंगावर जाऊ नका. काकीची गोष्ट आठवा. कार्ड असणे वेगळे आणि धान्याच्या यादीत नाव असणे वेगळे. यादीतली कुटुंबे दोन प्रकारची. एक "अंत्योदय" आणि दुसरे "प्राधान्य कुटुंब". कागदी कार्डावर त्याचा शिक्का असतो. तो शोधा. सापडला नाही तर दुकानात किंवा कचेरीत विचारा, "आमचं नाव कोणत्या यादीत आहे?" पुष्कळ केशरी कार्डांवर धान्य मिळत नाही, ते यामुळेच.

सगळ्यांची नावे यादीत का घेत नाहीत, असे तुम्ही विचाराल. त्याला मर्यादा आहे. साऱ्या महाराष्ट्राला मिळून सुमारे ७ कोटी माणसांची नावे घ्यायची परवानगी आहे. तिला इष्टांक म्हणतात. हा आकडा २०११ च्या जनगणनेवरून ठरला. खेड्यात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाच्या ४४,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा ठरली. गाडी भरली की नव्या उतारूला जागा मिळायला वेळ लागतो, तसे हे आहे. म्हणून अर्ज आधी देऊन ठेवावा आणि त्याचा पाठपुरावा करावा.

दुसरे, कुटुंबप्रमुखाचे नाव पाहा. या कायद्याप्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही कार्डाची कुटुंबप्रमुख. आयाबायांनो, ऐकलेत ना? कार्ड तुमच्या नावाचे आहे. ते वाचणे हे तुमचे काम आहे.

तिसरे, आतली नावे मोजा. घरात खाणारी तोंडे किती आणि कार्डात नावे किती? सून आली, तिचे नाव चढले का? तिच्या माहेरच्या कार्डावरून ते कमी झाले का? नातू झाला, त्याचे नाव घातले का? प्राधान्य कुटुंबात दर माणशी महिन्याला पाच किलो मिळतात. एक नाव राहिले की वर्षाला साठ किलो राहिले.

चौथे, कार्डाचा नंबर. तो बारा आकड्यांचा असतो. घरी जाऊन वहीत लिहून ठेवा. कार्ड हरवले, भिजले, उंदराने कुरतडले, तरी नंबर आपल्यापाशी पाहिजे.

अर्ज देताना

नवे कार्ड, नाव वाढवणे, नाव कमी करणे, हरवलेल्या कार्डाची दुसरी प्रत, या प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो. अर्ज कागदावर द्या नाहीतर सेवा केंद्रातून संगणकावर भरा, पण पुढील चार गोष्टी घेतल्याशिवाय माघारी फिरू नका.

१. अर्जाची पोच. कागदावर शिक्का आणि सही. संगणकावर भरला असेल तर नंबर छापलेली पावती.

२. तारीख. पोचेवर तारीख नसेल तर ती निम्मीच पोच.

३. काम किती दिवसांत होणार, ती मुदत.

४. पैसे दिले असतील तर त्यांची पावती. पावती नसलेले पैसे सरकारचे नव्हेत.

आपल्या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कोणते काम किती दिवसांत करायचे, त्याची फी किती आणि ते कोणत्या अधिकाऱ्याने करायचे, याचा फलक कचेरीत लावावा लागतो. तो फलक वाचा. मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अर्जाचे काय झाले हे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानेही विचारता येते. दहा रुपयांचे तिकीट लावून साध्या कागदावर विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

"सहा महिने थांब" ही म्हण मीही हसत हसत सांगत होतो. थांबावे तर लागतेच. पण पोच हातात घेऊन थांबणारा आणि हात हलवत थांबणारा, यांत पुष्कळ अंतर आहे. पहिल्याला विचारता येते. दुसऱ्याला नुसती वाट पाहता येते.

दुकानात

आता कार्ड झाले, नाव यादीत आले. पुढे काय? दुकानात गेल्यावर आधी भिंतीवरचा फलक वाचा. या महिन्यात गहू किती, तांदूळ किती, ते त्यावर असते. गहू-तांदळाचा वाटा कधी बदलतो, पण बेरीज बदलत नाही. चला, तोंडी हिशेब. प्राधान्य कुटुंबात चार माणसे. चार पंचे? वीस किलो. सहा माणसे? तीस किलो. अंत्योदय कार्डाला मात्र माणसे न मोजता सबंध कुटुंबाला पस्तीस किलो.

पैसे किती? २०१३ च्या कायद्यात तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो ठरला होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झाले. पुढे १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते फुकटच द्यायचे असे ठरले आहे. म्हणजे या धान्याला आज एक पैसाही द्यायचा नाही. हमाली म्हणून नाही, चहापाणी म्हणूनही नाही.

आता दुकानात अंगठ्याचे यंत्र असते. अंगठा लावला की यंत्रातून पावती निघते. इथे तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, अंगठा आज आणि धान्य उद्या, असे करू नका. अंगठा दिला की यंत्रात "दिले" अशी नोंद होते. बहात्तर साली कार्डात लिहीत, आज यंत्रात लिहितात. नोंद तीच. अंगठा दिला की त्याच वेळी धान्य घ्या.

दुसरी, पावती मागून घ्या आणि तीवरचा आकडा वाचा. पावतीवर वीस आणि पिशवीत अठरा असेल तर तिथेच बोला. ओढ्यापर्यंत थांबू नका.

तिसरी, अंगठा उमटला नाही म्हणून रिकाम्या हाताने परत जाऊ नका. जन्मभर खुरपे धरले की अंगठ्याच्या रेषा झिजतात. कार्डातल्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो. यंत्र चालले नाही किंवा अंगठा जुळला नाही एवढ्यावरून कोणाचे धान्य अडवू नये, असे केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना कळवले आहे. आता कार्डातल्या प्रत्येक माणसाची एकदा ओळख पटवून घ्यावी लागते. तिला ई-केवायसी म्हणतात. ती राहिली असेल तर करून घ्या, टाळू नका.

चूक दिसली तर भांडण काढू नका. आबांसारखे करा. जे वाचले ते सांगा, आपले मागा. दुकानदाराने ऐकले नाही तर गावात दुकानावर देखरेख करणारी दक्षता समिती असते, तिला सांगा. पुढे तहसील कचेरीची पुरवठा शाखा आहे. १९६७ या नंबरावर फोनही करता येतो. तक्रार केल्यावर तिचीही पोच घ्या, नंबर लिहून ठेवा. यादीतल्या माणसाला त्याचे धान्य दिलेच नाही, तर त्याबदली भत्ता देण्याचे कलमही २०१३ च्या कायद्यात आहे.

परगावी गेल्यावर

आपल्याकडची माणसे दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. पूर्वी कार्ड घरी आणि पोट परगावी, अशी गत होती. आता देशातल्या कोणत्याही राज्यात, कोणत्याही रेशन दुकानात आपल्या कार्डावर धान्य घेता येते. याला "एक देश, एक रेशनकार्ड" म्हणतात. २०१९ साली हे काही राज्यांत सुरू झाले आणि २०२२ च्या मध्यापर्यंत सर्व राज्यांत पोचले. घरची माणसे इकडे आपला वाटा घेऊ शकतात, फडावरची तिकडे घेऊ शकतात. नंबर पाठ असावा आणि अंगठा असावा. ही सोय २०१४ साली असती, तरी काकीचा प्रश्न पुरता सुटला नसता. कारण मुलाच्या कार्डाचा नंबरही तिला माहीत नव्हता.

आपले नाव, दुसऱ्याचे नाव

आता एक कडू गोष्ट. मघाशी मी भरलेल्या गाडीचे सांगितले. त्या गाडीत काही माणसे अशी बसली आहेत, ज्यांना बसायची गरज नाही. कोणाचा मुलगा चांगल्या नोकरीला लागला, तरी गरिबाच्या यादीत नाव आहे. कोणाचे वडील वारून तीन वर्षे झाली, तरी त्यांच्या नावावर धान्य येते. मेलेल्या माणसाला भूक नसते. पण त्याने अडवलेल्या जागेसाठी कुठे तरी एखादी काकी वाट पाहत असते. घरात कोणी वारले तर नाव कमी करा. देवाने दिवस बरे आणले तर आपण होऊन यादीतून बाहेर पडा. आपला हक्क मागावा, तसा दुसऱ्याचा हक्क सोडावाही.

शेवटचे

काकी आता थकली आहे. थोरली नात तालुक्याला शिकून पुढे गेली. धाकटीने काकीला आकडे शिकवले. अक्षरे काही जमली नाहीत, पण आकडे जमले. मागच्या वर्षी मी त्या वस्तीवर गेलो होतो. काकी अंगणात बसली होती. मला म्हणाली, "गुरुजी, परवा दुकानदारानं पावती दिली न्हाई. म्या म्हनलं, बाबा, यंत्रातनं कागूद निघतोय तो माजा हाय, दे हिकडं."

"मग दिली का?"

तिने पदराची गाठ सोडली आणि घडी केलेली पावती माझ्या हातात ठेवली. तीवर बोट ठेवून म्हणाली, "पंधरा. एकावर पाच. बराबर हाय न्हवं?"

मी म्हटले, "बरोबर आहे काकी."

एवढेच तुम्हाला सांगायचे होते. आता घरचा अभ्यास. कार्डाचा बारा आकडी नंबर वहीत लिहा. घरातली नावे मोजा आणि महिन्याचे किलो काढा. या महिन्याची पावती वर्गात आणा, आपण मिळून वाचू. आणि ज्यांचा अर्ज कचेरीत पडून आहे, त्यांनी पुढच्या गुरुवारी येताना पोच घेऊन यावे. ज्यांच्याकडे पोच नाही, त्यांनी मला तसे सांगावे, लाजू नये. आपण बरोबर कचेरीत जाऊ. या वेळी मी खिडकीपाशी उभा राहीन आणि पोच तुम्ही मागायची.